चेकरबाईंचा पहिला सैनिक

तिशी उलटलेला धडधाकट पुरुष शनिवारची अख्खी दुपार अंगठ्याएवढ्या बाहुल्या रंगवण्यात घालवतो म्हटल्यावर तुम्ही काय समजाल? मी समजायचं ते समजले. पाणी कुठेतरी मुरत होतं, आणि या असल्या माणसाशी माझी मुलगी लग्न करायला निघाली होती.

मी शर्टांच्या कारखान्यात चेकर आहे. शिवून आलेला प्रत्येक शर्ट माझ्या टेबलावर येतो. कॉलर, कफ, बटणपट्टी, काखेतली शिवण, सगळं मी बोटाने चाचपते. कुठे टाका सुटला असेल, तेलाचा ठिपका असेल, तर तिथे लाल बाणाचं स्टिकर लावायचं आणि शर्ट परत पाठवायचा. शिवणाऱ्या बाया माझ्या माघारी मला काय म्हणतात ते मला चांगलं ठाऊक आहे. म्हणू देत. माझ्या हातून गेलेला माल कधी परत आलेला नाही. बाणांचं एक रीळ माझ्या पर्समध्ये कायम असतं, आणि हात इतका सरावलाय की घरीसुद्धा तो आपोआप चालतो. लेकीच्या शाळेच्या वह्यांवरही मी बाण लावायचे. ती चिडायची, पण अक्षर सुधारलंच ना तिचं?

तिचे बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. ती एका इस्पितळाच्या लॅबमध्ये काम करते. एक दिवस तिने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "आई, हा बघ."

मी बघितलंच नाही. आधी विचारलं, "करतो काय?"

"नकाशे काढायच्या ऑफिसात आहे. आणि शनिवारी मिनिएचर रंगवायला शिकवतो. टेबलावर लढाईचे खेळ खेळतात ना, त्यातले छोटे सैनिक."

"बाहुल्या?"

"सैनिक, आई."

"बाहुल्याच त्या. याच्यात काहीतरी खोट असणार. आण त्याला घरी, पाच मिनिटांत काढून देते."

ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "नको. तू काढशीलच." दुसऱ्या दिवशी बॅग भरून ती मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली. त्यानंतर फोनवर बोलणं म्हणजे, "बरी आहे. जेवले. ठेवते." शनिवारी तर तेवढंही नाही. शनिवारी दुपारची ड्यूटी, आणि ड्यूटीवर फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, असं तिनेच मला बजावलं होतं.

घर खायला उठायचं. भाजी चिरताना मी मोठ्याने टीव्ही लावून ठेवायचे, कशाला तर कोणीतरी बोलत असावं म्हणून. मला ती परत घरी हवी होती, बाकी काही नको होतं. आणि त्याचा एकच उपाय मला दिसत होता. त्या माणसाची खोट शोधायची, तिच्यासमोर ठेवायची, की ती आपणहून बॅग घेऊन परत येईल. म्हणून गावात असले सैनिक कुठे रंगवायला शिकवतात याचा पत्ता काढला आणि एका शनिवारी मी त्याच्याच वर्गात जाऊन बसले. नाव विचारलं तेव्हा शेजारणीचं नाव ठोकून दिलं.

वर्ग म्हणजे किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावरची एक खोली. लांबलचक टेबल, त्यावर वर्तमानपत्रं, प्रत्येकासमोर एक दिवा. खाली किल्ली घासली जायची तेव्हा टेबल थरथरायचं. आम्ही विद्यार्थी मोजकेच. दोन कॉलेजच्या मुली आणि माझ्या शेजारी एक निवृत्त बसड्रायव्हर. ड्रायव्हरकाकांचे हात जाडजूड, पण ब्रश असा धरायचे की चिमटीत मुंगी पकडलीय.

आणि तो. उंच, किडकिडीत, शर्टाचं वरचं बटण वेगळ्या दोऱ्याने लावलेलं. म्हणजे स्वतः लावलेलं. सगळे त्याला सर म्हणायचे. मी काहीच म्हणायचे नाही.

त्याने आम्हाला एकेक करड्या रंगाचा सैनिक दिला, बाटलीच्या झाकणावर चिकटवलेला, म्हणजे रंगवताना सैनिकाला हात लागत नाही. मग म्हणाला, "रंग दुधाइतका पातळ करा. एक थर द्या, वाळू द्या, मग दुसरा. जाड लावलात तर नाक-डोळे बुजतात." नमुन्याला त्याने स्वतः रंगवलेला एक सैनिक मधोमध ठेवला. मी तो उचलला, दिव्याखाली फिरवून बघितला. झग्याच्या मागच्या चुणीत लाल रंग पोहोचलाच नव्हता, खालचा करडा दिसत होता. चेकरचा हात तो, थांबतोय कशाला? पर्स उघडली, बाण काढला आणि नेमका तिथे चिकटवला.

त्याने बाणाकडे बघितलं, मग माझ्याकडे. कान लाल झाले त्याचे. "बरोबर आहे, मावशी," एवढंच म्हणाला आणि ती चूण रंगवून टाकली. मला वाटलं, चला, पहिल्याच दिवशी जिरवली.

माझ्या सैनिकाचं काय झालं ते मात्र विचारू नका. पातळ रंग मला पटेना. असला पाणचट रंग झाकणार काय? मी डबीतला घट्टच लावला, तर सैनिकाचं नाक गेलं. मग थर वाळलाय का ते बघायला बोट लावलं, तर खांद्यावर माझा अंगठा उमटला. तो अंगठा बुजवायला पुन्हा ब्रश फिरवला, तर खालचा ओला रंग सालासारखा उचलला गेला आणि ब्रशाला चिकटून आला.

"मावशी, वाळू द्या की त्याला," ड्रायव्हरकाका म्हणाले. "सिग्नलला थांबल्यासारखं थांबायचं."

"चूक दिसत असताना हात बांधून बसू?"

"बसायचं. त्याशिवाय ती दुरुस्त होत नाही इथे."

मला हे फार अवघड गेलं, अगदी खरं सांगते. कारखान्यात चूक दिसली की बाण लागतो, विषय संपतो. इथे चूक समोर ठेवून चहा प्यायचा, आणि थर वाळेपर्यंत तिच्याकडे बघत राहायचं. माझा सैनिक एकदा पूर्ण धुऊन काढावा लागला. तो म्हणाला, "काही बिघडत नाही, मावशी. माझा पहिला तर मी कचऱ्यात टाकला होता." मला वाटलं, साखर पेरतोय. पण पुढच्या शनिवारी मी रंग दुधासारखा केला आणि हात मांडीखाली दाबून बसले. मग त्याने काळपट पाण्यासारखा वॉश लावायला शिकवला. तो ब्रशाने सोडला की आपोआप चुणींत उतरतो, आणि नुसता लाल दिसणारा झगा एकदम कापडासारखा दिसायला लागतो. आयुष्यभर कापड हाताळलंय मी. पण तो झगा तसा पडलेला बघून मी "अगंबाई!" म्हणून ओरडलेच. तो हसला. मग मला आठवलं, मी इथे कशाला आलेय, आणि तोंड पुन्हा वाकडं केलं.

आता त्याच्या खोटी. ब्रशाचं टोक करायला तो ब्रश ओठांत धरायचा. शी! पण तेवढ्यावर लग्न मोडत नाही. नखावर रंग तपासायचा, म्हणून डाव्या अंगठ्याचं नख सदा रंगलेलं. तेही सोडा. खरी गोष्ट वेगळीच होती. दर शनिवारी, आमचा थर वाळत असला की याचा फोन वाजायचा. तो चटकन उठायचा, बाहेरच्या गॅलरीत जायचा, दार ओढून घ्यायचा. आणि काचेतून मला दिसायचं, हा हसतोय. ऑफिसचा फोन म्हणावा, तर वरच्या ऑफिसरशी बोलताना कोणी असं हसतं का? माझी लेक तर त्या वेळेला ड्यूटीवर, तिचा फोन लॉकरमध्ये. मग हसत होता कोणाशी?

एका शनिवारी मी ब्रश धुवायचा पेला उचलला आणि पाणी बदलायच्या निमित्ताने गॅलरीच्या दाराशी गेले. दार पूर्ण लागलं नव्हतं.

"अगं, हळू बोल," तो म्हणत होता. "सगळे आतच आहेत... नाही, नाही, तू इकडे अजिबात येऊ नकोस. बिंग फुटलं तर आपलं दोघांचं काही खरं नाही... हो गं बाई, रात्री सांगतो सगळं."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती गेलीच. पण त्या आगीच्या आत आणखी एक होतं, आणि ते लपवून काय करू? मला आनंद झाला. उकळ्या फुटल्या आनंदाच्या! सापडला! मी म्हणत होते, म्हणत होते ना मी! पोरीच्या काळजाचं काय होईल, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलंही नाही. ती घरी येणार, तिची खोली झाडून घ्यायला हवी, एवढंच आलं.

मी दार ढकललं आणि त्याच्या हातातून फोन हिसकावला. पेला खाली पडला, पाणी त्याच्या चपलांवर.

"सापडलास!" मी जवळजवळ नाचलेच. "पहिल्या दिवसापासून ओळखून होते मी तुला! लबाड! आणि कोण गं तू, ऐकतेयस ना? या माणसाने माझ्या पोरीला लग्नाचा शब्द दिलाय. आता मी तिला सगळं सांगणार, आजच्या आज, आणि बघच मग ती कशी..."

"आई?"

खाली किल्लीवाल्याचं यंत्र चालू होतं. मी फोन कानाला दाबून धरला.

"आई, मीच आहे."

"तू... तू तर ड्यूटीवर ना?"

"ड्यूटीवरच आहे. पाच मिनिटं सुट्टी घेऊन, लॉकरमधला फोन काढून बाहेर येते, दर शनिवारी. तुझी चौकशी करायला."

मी त्याच्याकडे बघितलं. तो ओल्या चपलांत तसाच उभा होता, मान खाली.

"मी तुझी आई, हे याला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी तू त्याच्या सैनिकाला लाल बाण लावलास, आई. तुझ्या बाणांचं मी त्याला कधीच सांगितलं होतं. जगात आणखी कोण लावतं तसा? त्याने रात्री मला फोन केला, म्हणाला, तुझी आई वर्गात आलीय, काय करू? मी म्हटलं, काही करू नकोस. ओळख दाखवू नकोस. मी मध्ये नसताना तिला बघू दे तुला, तिच्या मनासारखं, हवा तेवढा वेळ." तिने श्वास घेतला. "मग मी विचारायची. आज आली का, खोकला कमी आहे का, सैनिक कुठवर आला. झग्याला बघून तू ओरडलीस ते त्याने सांगितलं तेव्हा मी इथे जिन्यात एकटीच हसत होते. मला वाटायला लागलं होतं की जमतंय."

"मग मला का नाही सांगितलंस, बाळा? मी इकडे एकटी..."

"आई, तुला आत्ता काय वाटलं? हा मला फसवतोय असंच ना?"

"असंच ऐकू आलं मला! कोणालाही तसंच वाटलं असतं!"

"हो. वाटलं असतं," ती म्हणाली. "पण किती खूश होतीस गं तू. बाबा गेल्यापासून इतक्या आनंदात तुझा आवाज मी ऐकला नव्हता."

ती म्हणत होती ते शंभर टक्के खरं होतं. पोरीचं लग्न मोडल्याची बातमी तिला द्यायला मी उड्या मारत धावले होते, आणि ते तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

"फोन त्याला दे, आई," ती म्हणाली.

मी दिला. गॅलरीच्या कठड्याला धरून उभी राहिले. दाराच्या काचेआड ड्रायव्हरकाका आणि त्या दोन मुली ब्रश हातात धरून आमच्याकडे बघत होते. मी पदर तोंडावर घेतला, पण खांदे थांबेनात.

तो पाठ वळवून हळू बोलत होता. "हो... नाही, नाही, पडल्या वगैरे नाहीत... अगं, ठीक आहेत त्या." मग माझ्याकडे एकदा बघून घेतलं आणि फोनमध्ये म्हणाला, "छे, रडत नाहीयेत. पाणी सांडलं ना, ते पुसतायत."

माझ्यावर पांघरूण घालायला तो माझ्याच पोरीशी खोटं बोलत होता. मी पदर खाली घेतला.

"रडतेय," मी म्हणाले. "खरं सांग तिला."

त्याने सांगितलं. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. त्याने फोन शर्टाला पुसला आणि माझ्यापुढे धरला.

"तुम्हालाच मागतेय," तो म्हणाला.