उडीचं बटण

डोळे तपासणं हा तिचा धंदा. चष्म्याच्या दुकानातल्या मागच्या अंधाऱ्या खोलीत बसून ती दिवसभर लोकांना लहान लहान अक्षरं वाचायला लावायची, आणि आपल्या नजरेतून काही सुटत नाही असा तिचा पक्का समज होता. घरी तिची फुशारकी वेगळी. लहानपणी टीव्हीवरचा तो पळत्या पोस्टमनचा गेम आपण पार शेवटपर्यंत नेला होता, हे ऐकून ऐकून लेकीचे कान किटले होते.

म्हणून रविवारी दुपारी लेकीने लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. "घे, तुझा पोस्टमन. ब्राउजरमध्येच चालतो, काही डाउनलोड करायला नको. बाणांच्या बटणांनी पळायचं, स्पेसबारने उडी. होऊन जाऊ दे."

खरं तर तिचं त्या दिवशी कशातच लक्ष नव्हतं. येत्या शुक्रवारी तिच्या धाकट्या भावाचं नोंदणी पद्धतीने लग्न होतं, दुसरं. साक्षीदार म्हणून सही करायला येशील का, असं त्याने फोन करून विचारलं होतं आणि तिने हो-नाही काही न सांगता त्याला फैलावर घेतलं होतं. पहिल्या लग्नाचं निस्तरून झालं नाही तोच हे नवीन, त्यात बाई दोन मुलांची आई, आणि ओळख जेमतेम चार महिन्यांची. "तुला पुढचं कधी काही दिसतं का रे? उचलला पाय की मारली उडी," असं सुनावून तिने फोन ठेवला होता. तेव्हापासून त्याचा फोन नाही, आणि हिने करण्याचा तर प्रश्नच नव्हता.

पडद्यावर तेच ठोकळ्याठोकळ्यांचे ढग आले, तो चिरका सूर वाजायला लागला आणि तिला उगाच भरून आलं. पोस्टमन पिशवी सावरत निघाला. तिने त्याला झोकात पळवत पहिल्या खड्ड्यापर्यंत नेलं आणि तो सरळ खड्ड्यात गेला.

"होतं असं," लेक म्हणाली. दुसऱ्यांदा तेच झालं, तिसऱ्यांदाही. लेक आधी खो खो हसली, मग आईकडे निरखून बघायला लागली.

"आई, खड्डा आला की तू 'हं' का म्हणतेस?"

"मी कुठे म्हणते?"

"दर वेळी म्हणतेस. म्हणतेस आणि वाट बघत बसतेस. बटण कोण दाबणार, शेजारचे?"

तिने पुन्हा खेळून पाहिलं. पोरीचं खरं होतं. खड्डा जवळ आला, तोंडातून आपोआप हं बाहेर पडलं आणि तिचा दुसरा हात मांडीवर होता तसा पडून राहिला. उडी तिची कधी नव्हतीच. लहानपणी घरात त्या गेमचा रिमोट एकच होता, त्यावरून बहीणभावांची रोज झोंबाझोंबी चालायची. शेवटी वैतागून त्यांच्या आईने निवाडा केला होता: डावी बाजू ताईने धरायची, उजवी धाकट्याने. पळवणं हिचं, उडी त्याची. खांद्याला खांदा लावून दोघं एकच रिमोट धरून बसायची. फुशारकीतून धाकटा कधी गळाला ते तिला कळलंही नव्हतं.

तिला शरम वाटली. तरी फोन लावला तो भांडणाच्याच सुरात, कारण दुसरा सूर सापडेना.

"पोस्टमनच्या गेममध्ये तू उडी नेमकी कधी मारायचास? मला जमत नाहीये."

तो म्हणाला, "तू हं म्हणायचीस तेव्हा."

"ते कळलं. पण खड्डा किती जवळ आल्यावर?"

"मला काय माहीत? मला खड्डे दिसायचेच कुठे, ताई. सगळं धुरकट. शाळेत फळा दिसेना तेव्हा कुठे चष्मा लागला, ते पुढे. तोवर मला वाटायचं, सगळ्यांना टीव्ही असाच दिसतो. मी आपला तुझ्या आवाजावर दाबायचो."

दुकानात एखादं पोर डोळे बारीक करून बघायला लागलं की ती लांबूनच ओळखायची, आणि सख्खा भाऊ तिला खेटून बसून काही न दिसता उड्या मारत होता, निव्वळ तिच्या भरवशावर. आपण त्याला परवा काय बोललो ते तिला आठवलं.

"मग या वेळी मला न विचारता ठरवलंस ते?" ती म्हणाली. आवाज हवा तितका कडक निघाला नाही.

"विचारलं होतं की. त्यासाठीच फोन केला होता. सही काय, ऑफिसातलं कुणीही करेल."

लेक हावभावांनी काय झालं म्हणून विचारत होती. तिने मान फिरवली.

"किती वाजता आहे?"

"अकराला. पण तू आधी ये. मला भीती वाटतेय, ताई."

"येते," ती म्हणाली. "आणि उद्या संध्याकाळी त्या दोन्ही मुलांना घेऊन दुकानात ये. त्यांचे डोळे कुणी कधी तपासलेत का?"