आखूड पायाची खुर्ची

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. बसाल तर डुलेन, तेव्हा मित्रांनो, उभ्या उभ्याच ऐका. माझा एक पाय आखूड आहे. सुताराला नावं ठेवू नका हं. त्या बिचाऱ्यानं मला चांगली चार पायांवर धडधाकट उभी करून दिली होती. पाय मागाहून कापला, आणि तोही मुद्दाम.

माझी पहिली नोकरी दातांच्या डॉक्टरकडे. दात उपटायला आलेली भलीभली माणसं माझ्यावर बसून लटपटायची. भीतीनं कापणारं अंग कसं असतं, ते मला तिथं कळलं. पुढं डॉक्टरांनी गुबगुबीत कोच आणला आणि मला रस्त्यावर काढलं. तिथून मला मास्तरांनी उचललं.

मास्तर टँगो नाच शिकवायचे. टायरच्या दुकानावरची लांबडी खोली, एका टोकाला खिडकी, दुसऱ्या टोकाला दार. टँगो म्हणजे काय, तर दोघांनी एकमेकांना मिठीत धरून गाण्यावर चालायचं. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं ऐकायचं, आणि तेही तोंड न उघडता, छातीला छाती लावून. मास्तर आणि त्यांची बायको मिळून शिकवायची. ती अचानक वारली. आजारपण नाही, काही नाही, बोलता बोलता उठून गेल्यासारखी. त्यानंतर मास्तर नाचायला उभे राहिले की पुढं झोकांडी जायची त्यांची. समोर माणूसच नाही ना! मग एके दिवशी त्यांनी करवत घेतली आणि माझा पाय बोटभर कापला.

तेव्हापासून मी शिकवायला लागले. नवीन माणसानं माझ्या पाठीवर नुसती बोटं ठेवायची, कंबर वळवायची, पाय फिरवायचा. जरा भार टाकला की माझा आखूड पाय जमिनीवर आपटायचा. टक्!

"टेकलात!" मास्तर गरजायचे. "अहो बेकरीवाले, पिठाचं पोतं उतरवताय का? समोरची बाई म्हणजे भिंत नव्हे!"

"भिंत परवडली मास्तर. ती चहाडी करत नाही," बेकरीवाले घाम पुसत म्हणायचे, आणि सगळा वर्ग खो खो हसायचा.

पण बेकरीवाले असे तयार झाले की बायका आपणहून त्यांच्याबरोबर नाचायला यायच्या. लोक म्हणायचे, "मास्तरांपेक्षा ही खुर्ची कडक." मी मनात फुगायचे.

मास्तरांची एक लेक होती, आईविना वाढलेली. दुसऱ्या पोरींना बाहुल्या असतात, हिला मी. बापानं तिला नाच शिकवला, पण हातात हात घेऊन नाही, माझ्या पाठीला धरून. खेळून दमलेली पोर कधी पेंगत माझ्यावर डोकं टाकायची. टक्.

"टेकायचं नाही बाळ."

पोर डोळे चोळत सरळ उभी राहायची. मला वाईट वाटायचं. पण मी पडले लाकूड.

मोठी होऊन तीही शिकवायला लागली. त्याच खोलीत, सकाळी मास्तर, संध्याकाळी ती. आल्याबरोबर ती मला भिंतीकडं तोंड करून ठेवायची. तिची तऱ्हाच उलटी. मोजणं नाही, ओरडणं नाही. म्हणायची, "डोळे मिटा आणि बिनधास्त टेका. पत्त्यांचा बंगला बघितलाय ना? दोन पत्ते एकमेकांवर रेलतात म्हणून उभे राहतात."

मास्तरांनी एकदा दारातून ऐकलं. "आणि त्यातला एक पत्ता निघून गेला तर?"

"म्हणून काय बाबा, जन्मभर खुर्चीबरोबर नाचायचं?"

मास्तर दारातूनच परत फिरले. नंतर दोघं बोलायची ती फक्त किल्ली कुठं ठेवली एवढ्यापुरती.

मग एका सकाळी, मित्रांनो, मास्तर नेहमीसारखं दाखवायला उभे राहिले. बोटं माझ्या पाठीवर ठेवली मात्र, आणि टक्. टक्-टक्-टक्-टक्.

वर्गाला वाटलं, मास्तर नक्कल करताहेत. बेकरीवाले तर टाळी देऊन म्हणाले, "आज मास्तर टेकले!" सगळे हसले. मला हसू आलं नाही. भीतीनं कापणारी अंगं मी ओळखते. हे ते नव्हतं. हा हात कुणाचंच ऐकत नव्हता. दारात लेक उभी होती. तीही हसली नाही.

ज्या माणसानं मला आवाज दिला, त्याचीच चहाडी मी चारचौघांत केली.

त्यानंतर मास्तर मला हात लावीनात. भिंत धरून चालायचे. लेक म्हणायची, "बाबा, मला धरा." ते म्हणायचे, "टेकणं आमच्यात शिकवत नाहीत." मी कोपऱ्यात धूळ खात पडले. सकाळचा वर्ग विरळ होत होत संपला.

मग एकदा लेक मास्तरांचा जुना नाचाचा बूट घेऊन आली. त्याच्या टाचेचं कातडं कापलं, घडी घातली आणि माझ्या आखूड पायाखाली चिकटवलं. मला उचलून खिडकीशी ठेवलं, मास्तर चालताना दमतात तिथं.

सकाळी मास्तर आले. पाय लटपटले आणि ते दोन्ही हातांनी माझ्यावर कोसळले. मी गप्प. त्यांनी वाकून खाली बघितलं. मला वाटलं, आता कातडं उपटून फेकतील. पण ते तसेच उभे राहिले, सगळा भार माझ्यावर टाकून, किती तरी वेळ.

लेक आत आली तेव्हा म्हणाले, "माझा बूट फाडलास?"

"हो."

"बरं केलंस. चल, दारापर्यंत."

आणि बापानं लेकीला मिठीत घेतलं. गाणंबिणं नाही. खालच्या दुकानात टायरवर हातोडे पडत होते, त्यावरच चालली दोघं.

"जड झालो का गं मी?"

"छे. पिसासारखे आहात."

"खोटारडी." थोडं चालून म्हणाले, "उद्या परत?"

"उद्या परत."

पण दुसऱ्या दिवशी त्यांचे पाय उठलेच नाहीत, आणि त्या अंथरुणावरून मास्तर पुन्हा उठले नाहीत.

ते गेल्यावर लेक एकटी खोलीत आली. वाकून तिनं माझ्या पायाखालचं कातडं काढलं, पदरात बांधलं, आणि लहानपणीसारखं माझ्यावर डोकं टाकलं. टक्.

"टेकलीस!" असं कुणी ओरडलं नाही. तिनं पुन्हा भार टाकला. टक्. मान वर करून ती दाराकडं बघत राहिली.

तर मित्रांनो, मला पॉलिश करू नका, झटकू नका, चालेल. एवढं मात्र करा. तुमच्या घरात कुणी सरळ उभं राहायचा हट्ट धरून बसलं असेल, तर एक दिवस ते टेकेलच. मी लाकूड, मला आवाज करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तुम्ही गप्प राहा, आणि धरा.