नंबरावरची वेल

मित्रांनो, बोटभर लांबीची, टोकाला झिजलेली मी एक जुनी पोलादी छिन्नी आहे. बंदुकीच्या बाजूच्या पोलादी पत्रीवर नक्षी कोरण्यात माझा जन्म गेला.

धुळ्याच्या रुपचंदभाऊंनी एका मोडक्या कानशीतून मला घडवलं. भट्टीत लाल करून तेलात बुडवलं, दगडावर धार लावली आणि भुसावळच्या नासीरभाईंच्या हातात ठेवलं. दोघं एकाच उस्तादांचे शागीर्द. नासीरभाईंना वेल सुरेख जमे, रुपचंदभाऊंना हरीण. अवघड काम आलं की एक जण बस धरून दुसऱ्याकडे जाई.

परवान्याच्या दुकानातून बंदुका कागदपत्रांसह येत. नासीरभाई चामडं लावून पत्री पकडीत आवळत, पेन्सिलीने वेल काढत आणि माझ्या माथ्यावर हातोडीने टकटक करत. पोलादाचे केसासारखे तुकडे उडत. "हात काय लागलाय!" असं गिऱ्हाईक म्हणे, तेव्हा मलाही बरं वाटे.

गेल्या वर्षी एका दुपारी एक अनोळखी माणूस आला. बंदूक गोणपाटात गुंडाळलेली, कागद एकही नाही. पत्रीवरच्या बंदुकीच्या नंबराच्या आकड्यांवर त्याने बोट ठेवलं.

"इथे दाट वेल काढा. आकडे दिसायला नकोत."

नासीरभाईंनी मला खाली ठेवलं. "नंबर झाकायचं काम मी करत नाही."

"अहो, धुळ्याचे रुपचंद तर तयार आहेत. तुमचा हात नाजूक, म्हणून आधी इकडे आलो."

तो बंदूक घेऊन निघून गेला. नासीरभाईंनी आकडे तेवढ्यात कागदावर उतरवले होते, पण पोलिसांत दिले तर रुपचंदही अडकेल म्हणून तो कागद तसाच राहिला. पण मनात राहिला तो रुपचंद! नासीरभाई मोबाईल हातात घेत, त्याचं नाव काढत आणि परत ठेवून देत. त्यांना जुनं सगळं वेगळं दिसू लागलं. रुपचंदने नवी मोटरसायकल कशी घेतली? दिवाळीला यायचं का टाळलं?

मग त्यांची नजर माझ्यावर गेली. मी रुपचंदच्या हातची ना! त्यांनी मला डब्यात टाकलं आणि बाजारातली छिन्नी काढली. आठ महिने मी तेलाच्या थेंबाविना पडून होते. अंगावर गंज चढला. खरं सांगते, अंधारात मलाही शंका येऊ लागली: ज्याने मला घडवलं, तो खरंच तसा असेल का?

एक दिवस त्यांची बायको नूरबी डबा पुसताना म्हणाली, "रुपचंदभाईंना विचारलं का एकदा तरी?"

"विचारायचं काय त्यात?"

"मग मनातल्या मनात शिक्षा कशी सुनावली?"

दुसऱ्या दिवशी नासीरभाई मला खिशात घालून धुळ्याला गेले. रुपचंदभाऊ दारातच उभे होते. त्यांनी 'या' म्हटलं नाही.

"तू नंबर झाकायला तयार होतास?" नासीरभाईंनी विचारलं.

"मी? त्या माणूसले मी दारातूनच हाकलं. तो म्हणे, भुसावळना नासीर तयार शे!" रुपचंदभाऊंनी नासीरभाईंकडे बोट रोखलं. "आठ महिनापासून मी तुन्हावरच वहीम धरी बठेल शे."

म्हणजे त्यांनीही आठ महिने तोच संशय धरून ठेवला होता. मग नासीरभाईंनी खिशातून मला काढलं. रुपचंदभाऊंनी माझा गंज पाहिला. त्यांनी दगडावर तेल सोडलं आणि सावकाश मला घासायला घेतलं. नासीरभाई शेजारी बसून बघत होते.

संध्याकाळी दोघांनी पोलीस ठाण्यात जाऊन ते आकडे लिहून दिले. आकड्यांवरून कळलं, बंदूक फैजपूरकडच्या एका बागायतदाराच्या घरातून चोरीला गेलेली होती. ती अजून सापडलेली नाही. वेळीच एकमेकांना फोन केला असता तर, असं दोघंही अधूनमधून म्हणतात.

म्हणून मित्रांनो, एवढीच विनंती. अवजार डब्यात ठेवण्याआधी तेलाचा हात फिरवा. आणि कुणाचा संशय आला, तर आठ महिने थांबू नका. बस धरा आणि जाऊन विचारा.