मी देव नव्हे, पर्जन्यमापक

अहो, मोडकं नरसाळं समजून मला लाथाडू नका. मी पर्जन्यमापक. आगगाडी घाट चढू लागली त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी कर्जतला उतरलो आणि बैलगाडीतून खालापूरजवळच्या या खेड्यातल्या शाळेत आलो. अंगणातल्या दगडी ओट्यावर माझा थाट काय विचारता! जस्ताचं अंग, वर नरसाळं, पोटात बाटली.

गोपाळकृष्ण मास्तर रोज सकाळी अंघोळ करून येत, वहाणा काढून ओट्यावर चढत, वाकून माझ्या पोटातलं पाणी मोजत आणि लिहून ठेवत.

एका आषाढात पावसानं ओढ दिली. आभाळ कोरडं ठाक, पण माझ्या पोटात रोज पाणी! मास्तरांना वाटलं, पोरांचा चावटपणा. एकदा ते उजाडताच येऊन दाराआड उभे राहिले.

आली ती गावातली सोनुबाई. मला कुंकू लावून तिनं तांब्याभर पाणी ओतलं.

“सोनुबाई, हे काय करतेस?”

“देवाला पानी घालते, मास्तर. तुमीच रोज वहाना काढून याच्यापुढं वाकता. मंग ह्यो देव नाय तं काय हाय?”

मास्तरांना हसू फुटलं; पण तिचा चेहरा पाहून त्यांनी ते आवरलं.

“भाताचं रोप पिवलं पडलंय. घरचे म्हनतात, बैलांना घालू. पुन्ना पेराया दाना नाय.”

मला फार वाईट वाटलं. ती माझ्याकडे मागायला आली होती आणि माझ्याकडे द्यायला काहीच नव्हतं.

मास्तरांनी मागच्या वर्षांची मोजमापं पाहिली. “हा पाऊस आणत नाही गं, नुसता मोजतो. पण बघ, या दिवसांत पाऊस बहुतेक दरसाल असाच रुसतो आणि मग घाटाकडून परत येतो. रोप उपटू नकोस. थोडं थांब.”

“आन नाय आला तं?”



घरच्यांशी भांडून तिनं रोप राखलं, नदीचं पाणी हंड्यांनी घातलं. आठवडा सरला, घाट काळवंडला आणि मी काठोकाठ भरलो. लावणीच्या चिखलानं माखलेली सोनुबाई धावत आली, “मास्तर, किती पडला?” तेव्हापासून शेतावर जाताना ती रोज विचारी.

आता माझा सांधा उसवलाय. ओट्यावर नवा पर्जन्यमापक आहे, मास्तरही नवे आहेत. काल म्हाताऱ्या सोनुबाईनं कुंपणापाशी थांबून विचारलं, “किती पडला रं?” मास्तरांनी खुर्चीतून न उठताच अंदाजानं काहीतरी ठोकून दिलं. तेच खरं मानून ती लावणीला माणसं बोलवायला गेली.

मला खुशाल भंगारात घाला, मास्तर. पण तिच्यासाठी तेवढं पावसात बाहेर या, आणि खरं मोजून सांगा.