भट्टीतलं धुकं

माझ्या बहिणीचा नवरा लोव्रो आमच्या डोंगरावरच्या बर्फाचा प्रमुख होता. प्रमुख म्हणजे काय, तर बर्फ चांगला पडला की लोक देवाचे आभार मानायचे आणि नाही पडला की लोव्रोला शिव्या घालायचे. तो आणि मी एकाच वर्गात होतो, त्यामुळे शिव्या घालण्यात मीही मागे नसायचो.

त्याची मुलगी तिंकारा, आमची टिंका, देशाच्या संघातून डाउनहिल, म्हणजे स्कीवरून डोंगर उतरायची शर्यत, खेळायची. एकतिसावं लागलं होतं तिला. दोन्ही गुडघे शिवून झाले होते आणि एकेकाळी जिचं नाव पहिल्या दहांत असायचं, ती आता मागच्या नंबरांत सुटायची. त्या शरद ऋतूत ती माझ्या मटणाच्या दुकानात आली, काउंटरवर कोपर टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, फेब्रुवारीतली घरची शर्यत झाली की मी थांबतेय."

"बापाला सांगितलंस?"

"आधी तुम्हाला सांगतेय. त्यांना सांगितलं तर ते आजपासूनच आभाळाकडे बघायला लागतील."

ते तर तो तसाही बघत होताच. कित्येक वर्षांनी आमच्या डोंगराला बायकांची डाउनहिल मिळाली होती. टिंकाचं म्हणणं साधं होतं. लहानपणी ज्या उतारावर पडून दात तुटला, त्याच उतारावरून एकदा शेवटचं खाली यायचं, आईच्या हातची पोतित्सा, तो अक्रोड भरलेला गोड पाव, खायची आणि स्की भिंतीला टांगून टाकायच्या. शर्यत जिंकायची भाषा तिनं केली नाही.

पण त्या हिवाळ्यात थंडीच येईना. नाताळात मुलं अंगणात फुटबॉल खेळत होती. लोव्रोची बर्फ फवारणारी यंत्रं डोंगरभर उभी, पण हवा गोठणबिंदूच्या खाली गेल्याशिवाय त्यांचा काही उपयोग नसतो. तो खानावळीत जेवताना मधेच उठून बाहेर जायचा, हात पुढे करून हवा बघायचा आणि परत येऊन बसायचा. खानावळीचा मालक त्सिरिल म्हणायचा, "लोव्रो, दार उघडं टाकू नकोस, माझं सूप गार होतंय. एवढीच थंडी आहे गावात, तीही बाहेर घालवू नकोस."

जानेवारीत एकदाचे चार दिवस कडाक्याचे आले. लोव्रो त्या चार दिवसांत घरी गेला नाही. यंत्रांनी बर्फाचे ढीग पाडले, मग ते ढीग ढकलून, दाबून, तपकिरी गवतातून खाली येणारा एक पांढरा पट्टा तयार झाला. सबंध डोंगरावर तेवढाच पांढरा. विमानातून कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, कुणाचं तरी धोतर वाळत पडलंय.

शर्यतीच्या आठवड्यात दक्षिणेचं वारं सुटलं. ते समुद्राकडून येतं, उबदार, ओलं, आणि बर्फाला आतून खातं. सकाळी टणक असलेला उतार दुपारी जाड्या मिठासारखा सुटा व्हायचा. आम्ही गावातली माणसं खांद्यावर पोती घेऊन चढलो आणि खरोखरचं मीठ टाकलं. मिठानं वरचा थर वितळतो, वितळताना तो खालची ऊब ओढून घेतो आणि मग सगळं दगडासारखं धरतं. पण ही युक्ती फार वेळा चालत नाही. पुन्हापुन्हा टाकलंत तर हाती नुसतं खारट पाणी राहतं. लोव्रो मुठीनं मीठ फेकायचा तेव्हा कोंबड्यांना दाणे टाकतोय असं वाटायचं, आणि प्रत्येक मुठीनंतर थांबून तो बुटाच्या टाचेनं बर्फ ठोकून बघायचा.

"धरलं का?" मी विचारायचो.

"आता धरलंय," तो म्हणायचा. "उद्याचं मला विचारू नकोस."

शर्यतीच्या दिवशी मात्र धरलेलं होतं. आभाळ पातळ, ऊन फिकं, वारा पडलेला. खाली बसगाड्यांवर बसगाड्या आल्या. गाईंच्या गळ्यातल्या घंटा हातात घेऊन माणसं मैदानात जमली. माझी बहीण मिलेना पहाटे भाजलेली पोतित्सा फडक्यात बांधून अगदी पुढे, कठड्याशी उभी होती.

लोव्रो आणि मी, आणि आणखी दहाबारा जण, हातात दाताळी आणि फावडी घेऊन भट्टीपाशी होतो. भट्टी म्हणजे उताराचा मधला सगळ्यात तीव्र भाग. नाव भट्टी, पण ऊन तिथं मार्चशिवाय पोचत नाही. वरून येणारी खेळाडू एका कड्याच्या ओठावर येते, ओठाच्या पलीकडे जमीन एकदम खाली जाते, आणि पुढची दोन गेटं, म्हणजे वाट दाखवणाऱ्या झेंड्यांच्या जोड्या, दिसली तरच कुठं उतरायचं ते तिला कळतं.

शर्यतीआधी खेळाडू सावकाश घसरत उतार बघून घेतात. तशी टिंका आली आणि आमच्यापाशी थांबली.

"उतार कसा आहे, बाबा?"

"वरच्या वळणात कडक. इथं ओठाखाली जरा मऊ आहे, डावीकडे राहा."

"हे मलाच सांगताय की सगळ्यांना?"

"सगळ्यांना सांगितलंय. तुला दोनदा सांगेन."

ती हसली. "एकदा पुरे," म्हणाली आणि घसरत पुढे गेली.

शर्यत सुरू झाली. एकामागून एक मुली आमच्या अंगावरून वाऱ्यासारख्या गेल्या. पापणी लवेपर्यंत रंग दिसायचा आणि मग खालून घंटांचा आवाज यायचा. प्रत्येकीनंतर आमची माणसं उतारावर उतरून खाचा बुजवायची. अर्ध्याहून जास्त मुली गेल्या. बर्फ टिकला होता. लोव्रोच्या चेहऱ्यावर मी त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच रंग बघितला.

मग दरीतून धुकं चढायला लागलं.

आधी खालच्या चर्चचा मनोरा गेला. मग रोपवेचे खालचे खांब गेले. धुकं घाईत नव्हतं, जनावर चरत चरत वर येतं तसं ते आलं आणि भट्टीत येऊन बसलं. वर, जिथून मुली सुटतात, तिथं स्वच्छ ऊन होतं, आणि खाली मैदानातही घंटा वाजत होत्या. मधे आम्ही, आणि आम्हाला एकमेकांचे बूट दिसत नव्हते.

शर्यत थांबली. मुख्य पंच नॉर्वेची एक शांत बाई होती. तिचा आवाज लोव्रोच्या वॉकीटॉकीतून यायचा. "भट्टी, काय दिसतं?"

"काही नाही."

थोड्या वेळानं पुन्हा, "भट्टी?"

"काही नाही."

त्सिरिल खानावळ बंद ठेवून आमच्यात आला होता. तो टोपीनं वारा घालायला लागला. "सगळे मिळून फुंकू या का?" एकदोघं हसले. लोव्रो हसला नाही. वर टिंका शर्यतीच्या पातळ कपड्यांवर जाड कोट घालून, ताठ बुटांत उभी असणार हे त्याला दिसत असावं. तिच्या आधी चारच मुली उरल्या होत्या.

एकदा धुकं विरळ झालं. पहिलं गेट दिसलं, मग दुसरंही.

"भट्टी, दिसतंय का?"

"दिसतंय."

"स्पष्ट?"

लोव्रोनं खाली वाकून बघितलं. "पुरेसं," तो म्हणाला.

दोन मुली गेल्या, ठीक गेल्या. तिसरी इटलीची होती. ती वरच्या वळणात असतानाच धुक्यानं पुन्हा तोंड मिटलं. लोव्रोनं वॉकीटॉकी तोंडाशी नेला, पण तोवर तिच्या स्कीचा खरखराट आमच्या डोक्यावर आला होता. ती ओठावरून आली, हवेत गेली, आणि तिला जमीन कधी येणार ते कळलंच नाही. खाली दाणकन पडली आणि घसरत कडेच्या जाळीत गेली.

आम्ही धावलो. ती शुद्धीवर होती. डावा हात उजव्या हातानं धरून बसली होती, ओठ पांढरे. लोव्रो तिच्यापुढे गुडघ्यावर बसला आणि तिचं हेल्मेट हळूच मोकळं केलं. आमच्याकडे सीमेपलीकडची भाषा सगळ्यांनाच थोडी येते. ती म्हणाली, "मला खालचं काही दिसलंच नाही."

"हो," लोव्रो म्हणाला. "मला माहीत आहे."

घसरगाडीवर निजवून तिला खाली नेलं. खांदा निखळला होता, हाड मोडलं नव्हतं, हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा एवढंच माहीत होतं की तिच्यानंतर अजून एक जण सुटेल, आणि मग टिंका.

पुन्हा वाट बघणं सुरू झालं. जाळी नीट बांधली, खाचा बुजवल्या, मग करायला काही उरलं नाही. माणसानं फावडं घेऊन धुक्याशी काय करावं? आम्ही दाताळ्यांवर रेलून उभे राहिलो. दुपार कलायला लागली. डोंगराच्या सावलीत उजेड तसाही लवकर आटतो.

तेव्हा धुकं एकदा अर्धवट उघडलं. पहिलं गेट दिसत होतं. दुसरं, दिसतंय असं म्हणायचं ठरवलं तर दिसत होतं.

"भट्टी, काय दिसतं?"

त्सिरिल हळूच म्हणाला, "लोव्रो, दिसतंय की. लाल आहे बघ ते. पोरीची शेवटची आहे रे."

"गप्प बस," मी म्हणालो, पण माझंही मन तेच म्हणत होतं.

लोव्रो पुढे दोन पावलं गेला. मान वाकडी करून बघितलं, मग डोळ्यांवर हात धरून बघितलं. दुसरं गेट येत होतं, जात होतं.

"भट्टी? दुसरं गेट दिसतंय का?"

"नाही," लोव्रो म्हणाला.

"नक्की?"

"नाही दिसत."

त्सिरिलनं दाताळं बर्फात खुपसलं आणि पाठ फिरवली. ते अर्धवट उघडलेलं तसंच काही वेळ राहिलं. त्या वेळात एक मुलगी सहज खाली गेली असती, कदाचित दोघी. कदाचित नसत्या. मग पुन्हा सगळं भरून आलं. नंतर वॉकीटॉकीतून त्या बाईचा आवाज आला, की शर्यत इथंच संपवतोय. निकाल धरण्याइतक्या मुली खाली गेल्या होत्या. खालच्या कर्ण्यानं ऑस्ट्रियाच्या मुलीचं नाव पुकारलं, घंटा वाजल्या. कागदावर ती शर्यत झाली होती, टिंकासाठी झाली नव्हती.

बाकीच्या मुली रोपवेनं खाली गेल्या. टिंका जाळीच्या कडेकडेनं, कोट घालून, हळूहळू घसरत आली. छातीवर नंबर तसाच होता. ती बापासमोर थांबली.

"वर लख्ख ऊन होतं," ती म्हणाली.

"असणार."

"मधे एकदा उघडलं होतं. मला वरून ओठ दिसला."

"ओठ दिसत होता. खालचं नाही."

"अजिबात नाही?"

लोव्रोला खोटं बोलता येत नसे. आलेला प्रसंग झटकून टाकणंही जमत नसे. "थोडं दिसत होतं," तो म्हणाला.

तिनं चष्मा वर केला. डोळे कोरडे होते. "त्या इटालियन पोरीच्या वेळेला थोडं दिसत होतं तेव्हा तुम्ही हो म्हणालात."

"म्हणून तर."

"मी तिच्यासारखी नाही बाबा. मला ही भट्टी झोपेत उतरता येते."

"मला माहीत आहे."

"मग?"

त्यानं हातमोजा काढला, पुन्हा घातला. ती थोडी थांबली, की तो काही म्हणेल. मग स्की वळवून धुक्यात निघून गेली. मी तिला हाक मारली, पण तिनं मागे पाहिलं नाही. जाताना तिनं ओठाखाली डावी बाजू धरली होती, एवढं मला दिसलं.

मैदानात तिचा सत्कार होता. महापौरानं फुलं दिली, भाषण केलं, त्यात तीन वेळा 'निसर्गापुढे' असं म्हणाला. टिंका हसून उभी राहिली, मुलांच्या टोप्यांवर सह्या केल्या. मिलेनानं पोतित्सा कापली आणि शेजारपाजारच्यांना वाटून टाकली. लोव्रो तिथं नव्हता. त्याला जाळ्या सोडवायच्या होत्या, कारण पाऊस येणार होता. आणि तो आलाच. आम्ही भट्टीत जाळ्या गुंडाळत असताना बारीक, कोमट पाऊस सुरू झाला आणि पायाखालचा बर्फ ऐकू येईल इतका खचायला लागला.

"तू नाही म्हणालास ते बरोबर होतं," मी म्हणालो.

"तुला काय माहीत?" तो म्हणाला. "मलाही माहीत नाही."

संध्याकाळी लोव्रोबरोबर त्याच्या घरी गेलो तर टिंका स्वयंपाकघरातल्या बाकावर पाय लांब करून बसली होती. दिवसभर थंडीत ताठ बुटांत उभं राहून तिचा उजवा गुडघा पावासारखा फुगला होता. मिलेनानं आम्हा दोघांपुढे योत्याच्या वाट्या ठेवल्या, आंबट कोबी आणि राजम्याचं गरम सूप. लोव्रोनं चमचा हातात घेतला आणि गुडघ्याकडे बघत राहिला.

"त्यावर बर्फ ठेवायला हवा," तो म्हणाला.

"ठेवा," टिंका म्हणाली. भट्टीतून निघाल्यापासून ती त्याच्याशी बोललेला तो पहिला शब्द.

तो भांडं घेऊन बाहेर गेला. अंगणात बर्फ नव्हता, गवत होतं. परसातल्या सरपणामागे, छपराखाली, कुंपणाशी, सगळीकडे फिरला. खिडकीतून त्याची बॅटरी इकडेतिकडे हलताना आम्हाला दिसत होती. बराच वेळ गेला. मिलेना मला म्हणाली, "स्ताने, जा, आण त्याला आत. भिजतोय." मी उठेपर्यंत तोच आला. भांडं रिकामं. त्यानं ते ओट्यावर ठेवलं, फ्रीजर उघडला, गोठलेल्या वाटाण्यांची पिशवी काढली, फडक्यात गुंडाळली आणि तिच्या गुडघ्यावर ठेवली.

"गार आहे," ती म्हणाली.

"हो."

पिशवी घसरत होती, म्हणून तो ती हातानं धरून तिथंच जमिनीवर बसला. सूप निवून गेलं. टिंका त्याला उठा म्हणाली नाही, आणि राहा असंही म्हणाली नाही. बाहेर पाऊस पडत होता, आणि थोड्या वेळानं तिनं डोळे मिटले.