सैतानाला सोडचिठ्ठी

१९९२ च्या हिवाळ्यात नॉर्वेतल्या आमच्या खाडीकाठच्या गावात ख्रिस्ताविरुद्ध युद्ध पुकारलं गेलं आणि गावाला त्याचा पत्ताही नव्हता. सैन्य तिघांचं: एक ड्रमवाला, मी गिटारवाला आणि पुढारी हॉलवार्ड. त्याचं नावच एका ख्रिस्ती संताचं, पण ते त्याला सांगायचं कोणी?

आम्ही ब्लॅक मेटल, म्हणजे सैतानाच्या नावानं किंचाळायचं कर्कश रॉक संगीत, वाजवायचो. दोन गाण्यांच्या मध्ये हॉलवार्डचं भाषण. "हजार वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या मानेवर तलवार ठेवून त्यांना बाटवलं. आपल्या ओडिन देवाची देवळं पाडली. आणि दिलं काय? दया, क्षमा, दुसरा गाल! दुबळ्यांचा धर्म!" आम्ही माना डोलवायचो. तालीम त्याच्या आईच्या तळघरात, त्यामुळे आठ वाजले की क्रांती बंद.

अशात माझी ताई, गुन्वोर, म्हणाली, "रविवारी बाळाचा बाप्तिस्मा आहे. धर्मपिता तू व्हायचंस."

"ताई, मी सैतानाचा माणूस आहे गं."

"असशील. येताना आंघोळ करून ये."

बाळाचा बाप पळून गेला होता. चर्चमध्ये तिच्या शेजारी उभं राहायला दुसरं कोणी नव्हतं.

हॉलवार्डने बजावलं, "चर्चची पायरी चढलास की बँडमधून बाहेर!" मी हादरलो. बँड नसेल तर मी कोण? मासळीच्या कारखान्यात बर्फ फोडणारा तोर्गेइर.

त्यात शनिवारी जंगलात बँडचे फोटो काढले, भुतासारखं दिसायला तोंडाला बुटांचं पॉलिश फासून. ते काही केल्या निघेना. रविवारी डोळ्यांभोवती काळी वर्तुळं घेऊन मी ताईशेजारी उभा. "किती रडलाय बिचारा," म्हाताऱ्या कुजबुजल्या.

एक मात्र मी साफ विसरलो होतो. बाप्तिस्म्याला सगळ्यांनी उभं राहून म्हणायचं असतं, 'सैतानाला आणि त्याच्या सगळ्या कृत्यांना मी नाकारतो.' म्हटलं, नुसते ओठ हलवू. पण पहिल्याच शब्दाला ताईला हुंदका आला. मला भडभडून आलं, आणि तिच्या वाटचंही मीच खणखणीत म्हणून टाकलं. एक शब्द चुकला नाही.

मागून आणखी एक घोगरा आवाज तेच म्हणत होता. त्याच्या आईच्या आणि मावशीच्या मध्ये हॉलवार्ड, डोळ्यांभोवती तेच पॉलिश.

नंतर केकची बशी घेऊन तो जवळ आला. "मला आईनं जबरदस्तीनं आणलं. तुलाही ताईनंच ओढलं ना?"

हो म्हटलं असतं तर बँड वाचला असता. पण पूर्वजांच्या मानेवर निदान तलवार तरी होती. माझ्या मानेवर बाळ लाळ गाळत झोपलं होतं.

"नाही रे," मी म्हणालो. "मी आपणहून आलो."