त्रेचाळीस वाघांची टेकडी

“जागा माहीत नसेल तर रकाना रिकामा राहू दे, करिष्मा. आपल्या मनानं काही भरू नकोस. रिकामा रकाना दिसला की माणूस विचारतो, हा रिकामा का? भरलेल्याला कोणी काही विचारत नाही.”

माझं काम बघणाऱ्या धम्मदीप सरांनी हे मला जानेवारीत फोनवर सांगितलं. मी “हो सर, हो सर” करत होते. मांडीवर दहा महिन्यांची दिव्यानी तापानं कण्हत होती, एका हातात ओली पट्टी होती आणि फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला होता. सरांनी फोन ठेवल्यावर मी लॅपटॉप जवळ ओढला आणि त्यांनी नको म्हटलेलं तेच केलं. दोन मिनिटांचं काम होतं.

मी वरोऱ्याची. चंद्रपूरला भूगोलात एम. ए. केलं, नकाशाच्या सॉफ्टवेअरचा डिप्लोमा केला. लग्न होऊन पळसटोल्याला आले तरी चंद्रपूरच्या एका संस्थेचं काम घरून करायची. आजूबाजूच्या अकरा गावांत कोणाला वाघ दिसला, पंजा दिसला, मारलेलं जनावर दिसलं, की त्यानं मोबाइलवर फॉर्म भरायचा. जागा फोन स्वतःच टिपायचा. माझ्या नकाशावर ठिपका उमटायचा आणि तो नकाशा गावागावाच्या ग्रुपवर जायचा. कोणत्या बाजूला जायचं नाही हे लोकांना कळावं, एवढाच हेतू.

अडचण एकच होती. दाट जंगलात फोनला जागा सापडत नसे, आणि जागेचा रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नसे. सकाळपासून फोन सुरू व्हायचे. “मॅडम, फॉर्म जाऊनच नाई राह्यला!” मला वाटलं, नोंदी वाया जाण्यापेक्षा काहीतरी करावं. म्हणून मी फॉर्मला सांगून ठेवलं, जागा सापडली नाही तर नकाशाचा मध्यबिंदू घे. सवडीनं एकेक नोंद दुरुस्त करू, असं ठरवलं. मग दिव्यानीचे दात आले, जुलाब झाले, दवाखाना झाला. ती सवड काही आली नाही.

मध्यबिंदू कुठे पडतो, हेही मी पाहिलं नव्हतं. तो गोटटेकडीवर पडत होता. गाव आणि जंगल यांच्या मधे असलेली ती उघडीबोडकी टेकडी. वर वाघोबाचा शेंदूर फासलेला दगड, दुसरं काही नाही.

मार्च संपता संपता त्या टेकडीवर माणूस मावेना.

“चाल ना व करिष्मा, तू बी पाह्य!” शेजारच्या बायनाबाईंनी दिव्यानीला माझ्या कडेवरून उचलून स्वतःच्या कडेवर घेतलं. दिव्यानीला तेल लावायला, न्हाऊ घालायला त्याच यायच्या. सासू नसलेल्या घरात माझं बाळंतपण त्यांनीच उरकलं होतं. “मोठा महाराज आला म्हन्ते. वाघ बांधून टाकला त्यानं.”

“वाघ काय बकरी आहे का, बांधायला?”

“तुले शिकून शिकून कायचंच नवल नाई राह्यलं,” त्या हसत म्हणाल्या.

वर पोचलो तर दोन-अडीचशे माणसं. दगडाशेजारी वाघाच्या चित्राचं ब्लँकेट अंथरून एक दाढीवाला बसलेला. नाव वाघनाथ महाराज. खरं नाव हेमराज. वडशाच्या नाटक मंडळीत त्यानं तीन हिवाळे राजगुरूचं काम केलं होतं, हे मला माझ्या नवऱ्यानं, प्रणितनं नंतर सांगितलं. माइक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज कसा पोचतो, ते कोडं तेव्हा सुटलं.

“मी म्हनतो म्हनून मानू नोका, मायहो!” महाराज गरजले. “हेमाले काय येते? मी अडानी मानूस! पन हे कोन म्हन्ते? कम्प्युटर म्हन्ते! सॅटेलाइट म्हन्ते! वरतून पाह्यते तो खोटं बोलन काय?”

“नाई!” गर्दी ओरडली.

त्यांनी मागचा फ्लेक्स उलगडला. माझा नकाशा होता. रंग माझे, अक्षरं माझी. टेकडीच्या जागी लालभडक मोठं वर्तुळ आणि त्यात आकडा, त्रेचाळीस.

“हे लाल लाल काय हाय?”

“वाघ!”

“किती?”

“त्रेचाळीस!”

“कुठी?”

“इथी!”

“माया पायापाशी! रोज येतेत, डोकं टेकवतेत, जातेत. आन् मोहाच्या रानात किती? दाखव व माय, बोट ठेवून दाखव!”

पुढच्या बाईनं नकाशावरच्या हिरव्या भागावर बोट फिरवलं. तिथे काही नव्हतं. “नाई जी, एक बी नाई.”

“मंग भेता काऊन?”

बायका रांगेनं पुढे सरकल्या. पायलीभर मोहफूल ठेवायचं, मनगटाला काळा-पिवळा दोरा बांधून घ्यायचा. बायनाबाईंनीही बांधला. दिव्यानीला दोऱ्याची गंमत वाटली. ती तो तोंडात घालायला बघत होती.

मी मात्र त्या लाल वर्तुळाकडेच बघत होते. एवढे ठिपके एका जागी कसे?

घरी येऊन दिव्यानीला झोळीत टाकलं आणि नकाशामागचा तक्ता उघडला. त्रेचाळीस ओळी होत्या. तारखा वेगळ्या, नोंद करणारे वेगळे, गावं वेगळी. अक्षांश-रेखांश मात्र सगळीकडे एकच, दशांशचिन्हानंतरचे सहाही आकडे तेच. जंगलातले दोन वाघ तर सोडा, एकच वाघ दोनदा इतक्या नेमक्या जागी उभा राहत नाही. तो मध्यबिंदू होता. मीच घातलेला.

त्याहून वाईट म्हणजे फोनला जागा सापडत नाही ती दाट झाडीत. म्हणजे वाघ जिथे खरोखर दिसत होते, नेमक्या तिथल्याच नोंदी उडून टेकडीवर येऊन पडल्या होत्या. मोहाचं रान नकाशावर मोकळं दिसत होतं, कारण ते मोकळं नव्हतं.

तेव्हा शनिवार होता, दुपारचे तीन वाजले होते. हे मी मुद्दाम लिहिते.

सर नागपूरला प्रशिक्षणात होते, फोन उचलत नव्हते. महिनाअखेर माझ्या नेमणुकीची मुदत संपत होती. नकाशा एकदम बदलला तर लोक विचारतील, संस्था विचारेल. सोमवारी सरांशी बोलून नीट करू, असं मी मनाला समजावलं. मधे फक्त एक दिवस होता.

संध्याकाळी बायनाबाई दिव्यानीला तेल लावायला आल्या.

“बाई, उद्या नोका जाऊ मोह वेचायले,” मी म्हटलं.

“काऊन व?”

“असंच. चार दिवस राहू द्या.”

“असंच म्हंजे?” त्यांनी दिव्यानीच्या टाचा एकमेकींना लावून टाळ्या वाजवल्यासारखं केलं. “फूल काय तुह्यासाठी झाडावर थांबन काय? आज पडलं ते आजच उचला लागते. नाईतर हरनं खातेत.” मग मनगट पुढे केलं. “आन् हे हाय ना! तुह्याच कम्प्युटरनं सांगतलं म्हन्ते!”

कारणाचं एक वाक्य तोंडात होतं. ते मी गिळलं.

मोह वेचायला पहाटे जावं लागतं. रात्रभर फूल गळतं आणि ऊन चढायच्या आत उचलायचं असतं. ज्याचं त्याचं झाड ठरलेलं असतं, दुसऱ्याच्या झाडाखाली कोणी जात नाही. त्यामुळे बायका जंगलात शिरतात एकत्र आणि मग पांगतात. झाडाखाली उकिडवं बसून, मान खाली घालून तासभर वेचत राहायचं. बसलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं वनखात्याची माणसं सांगतात. आधी बायका सोबतीला एखादा पुरुष नेत, अधूनमधून हाका मारत, डबा वाजवत. दोरा बांधल्यावर हाका थांबल्या. हाक मारली तर महाराजांवर विश्वास नाही, असा अर्थ होई.

बायनाबाईंची टोपली दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सापडली. निम्मी भरलेली होती. त्या पुढे नाल्यात सापडल्या.

मनगटावरचा दोरा तसाच होता.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा टेकडी चढले. दिव्यानी पाठीला बांधलेली, पिशवीत लॅपटॉप. मला वाटलं होतं, आता तिथे कोणी नसेल. गर्दी तेवढीच होती.

“बाईनं दोरा उलटा बांधला!” महाराज सांगत होते. “डाव्या हाताले बांधाचा, उजव्या हाताले बांधला! वाघोबा चुकी माफ नाई करत. दोरा बदला, मायहो, नवा दोरा बांधा!”

रांगेत बायनाबाईंची मुलगी सरिता उभी होती. डोळे सुजलेले, हातात मोहफुलांची पिशवी. मोहाचे अजून दहा-बारा दिवस उरले होते, आणि आईचं झाड आता तिच्याकडे आलं होतं. बाजूला तिचे वडील, लहानूभाऊ, दगडासारखे बसलेले.

“सरिता, थांब,” मी म्हटलं. “महाराज, मला एक नोंद करायची आहे. तुमच्यासमोर.”

“कर ना, पोरी! कम्प्युटरबाई तू!” त्यांना वाटलं, मी नवे वाघ आणले.

टेकडीवर मोबाइलला रेंज चांगली येते. महाराजांनी ही जागा निवडली त्याचं एक कारण तेही असणार. मी लॅपटॉप दगडावर ठेवला, नकाशा उघडला, आणि गर्दीतल्या इसरूभाऊंना विचारलं, “भाऊ, तुमची बकरी हरवली होती ना? कुठे?”

“बोडीपाशी,” इसरूभाऊ गोंधळून म्हणाले. बोडी म्हणजे आमचं छोटं तळं, गावाच्या पार पलीकडे. “पन तिले तं वाघानं नाई नेलं. माया सोयऱ्यानं कापून खाल्ली.”

दोघंचौघं हसले.

मी फॉर्म उघडला. प्रकार : इतर. काय दिसलं : इसरूभाऊंची बकरी. लॅपटॉप फोनसारखी स्वतः जागा टिपत नाही; जागेचा रकाना कोरा ठेवला आणि पाठवून दिला.

“आता वर्तुळ बघा.”

पुढे वाकलेल्या माणसानं मोठ्यानं वाचलं, “चव्वेचाळीस.”

“बोडीवरची बकरी टेकडीवर आली. महाराज, तिनं डोकं टेकवलं का?”

या वेळी हशा मोठा होता. मग मी माझी हरवलेली चप्पल नोंदवली. पंचेचाळीस. वरोऱ्याला असलेली माझी आई नोंदवली. शेहेचाळीस.

“यंत्राले बी देवच चालवते!” महाराज ओरडले, पण आवाज आता शेवटच्या रांगेपर्यंत गेला नाही.

“देव नाही चालवत,” मी म्हटलं. “मी चालवते. जागा सापडली नाही तर ठिपका इथे टाक, असं जानेवारीत मी याला शिकवलं. ते वाघ इथे कधी आलेच नाहीत. ते दिसले मोहाच्या रानात, नाल्याशी, जिथे फोन लागत नाही. या तक्त्यात नोंद करणाऱ्यांची नावं आहेत. त्यातले इथे किती जण उभे आहेत, त्यांनीच सांगावं, वाघ कुठे पाहिला.”

मग मागून एक जण म्हणाला, “म्या तं नाल्यात पाह्यला होता.” दुसरा म्हणाला, “म्या बी.” एकेकाचं ऐकताना कळलं, त्रेचाळीस वाघही नव्हतेच. एकच वाघीण आणि तिची दोन पिल्लं, पुन्हापुन्हा दिसलेली.

हसू आता थांबलं होतं. लहानूभाऊ उठून माझ्यासमोर आले.

“तुले हे कवा समजलं व?”

खोटं बोलता आलं असतं. आज सकाळी, म्हणता आलं असतं.

“आदल्या दिवशी, भाऊ. दुपारी तीनला.”

पाठीवर दिव्यानी जागी झाली आणि ओळखीचा चेहरा दिसला म्हणून त्यांच्याकडे झेपावली. त्यांनी तिला घेतलं नाही. हातही मागे घेतला नाही. तिनं त्यांचं बोट धरलं ते धरू दिलं.

“सांगाचं होतं ना,” एवढंच म्हणाले. “थे आयकली असती. कारन सांगतलं असतं तं आयकली असती.”

सरितानं मोहफुलांची पिशवी परत काखोटीला मारली आणि रांगेतून बाहेर पडली. हेमराजचं ब्लँकेट दुसऱ्या दिवशी टेकडीवर नव्हतं.

संस्थेला मी सगळं लिहून कळवलं. सर रागावले नाहीत, ते मला जास्त जड गेलं. मग एकेका नोंद करणाऱ्याला भेटून विचारलं, कुठल्या झाडाशी, नाल्याच्या कोणत्या बाजूला. एकोणतीस ठिपके मोहाच्या रानात गेले. उरलेल्या चौदांची जागा कोणालाच नीट आठवेना. ते आता नकाशाखाली वेगळ्या यादीत आहेत, आणि वर लिहिलं आहे : ‘जागा माहीत नाही’. बायका आता चौघी-चौघी मिळून एका झाडाखाली बसतात, एक उभी राहून राखते. ठरलेल्या झाडाची रीत मोडली म्हणून थोडी भांडणं झाली. होऊ देत.

तुमच्याही गावात कोणी नकाशा, कागद, मशीन पुढे करून चमत्कार सांगेल. तो दगड पुढे करणाऱ्यापेक्षा शहाणा वाटेल. त्याला एवढंच विचारा, हे कोणी पाहिलं, कुठे उभं राहून पाहिलं, आणि माहीत नव्हतं तिथे काय भरलं? आणि तुम्हाला उत्तर माहीत असेल तर सोमवारची वाट पाहू नका.

तुमच्या शेजारची एखादी बाई पहाटे टोपली घेऊन निघत असेल. तिच्या मनगटाला काही बांधलेलं असेल, किंवा नुसताच कोणाच्या शब्दाचा भरवसा असेल. तिला कारणासकट थांबवा. नाहीच थांबली, तर ऊन अंगणात आलं की तिच्या दारात जाऊन बघा. परतली का, ते बघा.